जवळचं कॉलेज

कारखान्यात त्याला सगळे 'गेजवाले' म्हणत. तयार माल गेजने मापून तपासायच्या टेबलावर त्याची तीस वर्षं गेली होती. मापात केसाइतका फरक दिसला की तो भाग बाजूला टाकायचा, मग समोर मालक उभा असो की मालकाचा बाप. हा जावयालाही गेज लावूनच घरात घेईल, असं लोक म्हणत.

मुलगी त्याच्याच वळणावर गेली होती. तिला मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीची डिग्री करायची होती आणि दोन कॉलेजांत तिचा नंबर लागत होता. एक घरापासून दोन बसथांब्यांवर, दुसरं अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. वर्कशॉपमधलं तिला अजून काय कळणार? बाबा म्हणतील तिथे, असं तिने सांगून टाकलं.

दोघांनी दोन्ही पाहिली. लांबच्या कॉलेजातली लेथ यंत्रं जुनी, रंग उडालेली. पण खालच्या ट्रेमधला लोखंडाचा कीस अजून गरम होता आणि मास्तर मापाच्या चुकीवरून एका मुलीला फैलावर घेत होते. बापाचा पाय तिथून निघेना. जवळच्या कॉलेजात मात्र सगळं चकाचक. त्याने एका लेथचं चाक फिरवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. ट्रे कोरडा, हत्यारांवरचा मेणकागदसुद्धा निघालेला नव्हता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. घरात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक गेलं तर संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरायचं कुणासाठी, हा विचार त्याची पाठ सोडेना.

"कुठलं, बाबा?"

"जवळचं," तो म्हणाला. "यंत्रं नवी आहेत."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फॉर्म पुढ्यात ओढला.

पहिली सहामाही सरली तरी हत्यारांवरचे मेणकागद निघाले नाहीत. मुलांना भिंतीवर व्हिडिओ दाखवत. ती तक्रारीचा चकार शब्द काढत नसे, आणि तेच त्याला आतून खात होतं. शेवटी एका रविवारी दुपारी त्याने कबूल केलं. ते वर्कशॉप नाही, नुसतं शोकेस आहे, हे आपल्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि आपण धडधडीत खोटं बोललो.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी मागत होतात."

त्याला रडू आवरेना. तिने भांडावं, वाटेल ते बोलावं, तर निदान बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी तिकडे पुन्हा अर्ज कर, मला एकट्याला काय धाड भरलीये, असं तो डोळे पुसत सांगू लागला.

"वेळेवर जेवाल?"

"जेवेन."

तिने मान हलवली आणि पुढ्यातलं पुस्तक उघडलं. हेही खोटं आहे, हे तिला कळलं होतं, आणि ती जाणार नव्हती.