न उघडणारी पेटी

बाबांच्या कारखान्यात एक नियम होता. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली, पण बाबा तिला कारखानाच म्हणत. नियम असा, की ज्याने कोडं बनवलं त्याने ते सोडवताना बोटही लावायचं नाही. कोड्याची नवी लाकडी पेटी तयार झाली की ती पहिल्यांदा लेकीच्या हातात यायची आणि बाबा आपले हात पाठीमागे धरून स्टुलावर बसायचे. आधी कुठली पट्टी सरकवायची, पेटी कुठल्या कुशीवर कलती करायची, ते तिचं तिने शोधायचं. ती चिडली, रडकुंडीला आली, तरी हात मागेच. "चुकलं नाहीये, घाईताई," एवढंच म्हणायचे. "इथून वाट नाही, हे तरी कळलं ना?"

शाळेत तिला मठ्ठ म्हणायचे. बाबांनी तिला हुशार असं कधी म्हटलं नाही. एक पेटी उघडली की जरा अवघड अशी दुसरी पुढ्यात ठेवली, बस. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, चार लोक अडलेली कामं घेऊन तिच्याकडे यायला लागले. त्याचं मूळ त्या स्टुलापाशी होतं हे ती जाणून होती. बाबांना ते सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

आता स्टूल रिकामं होतं, आणि बाबांची शेवटची पेटी काही केल्या उघडत नव्हती.

पेटी एका नर्सबाईंनी बनवायला सांगितलेली. "काका, मुलांच्या डोक्याला चालना मिळेल असं काहीतरी करून द्या," त्या म्हणाल्या होत्या. "घरात आम्ही तिघं, तीन कोपऱ्यांत तीन मोबाइल. जेवायला हाक मारायची तरी मेसेज टाकावा लागतो." बाबा खूप हसले होते. पेटी पुरी करून, पॉलिश वाळवून, फळीवर ठेवून मगच ते गेले. आज संध्याकाळी बाई ती न्यायला येणार होत्या.

लेक सकाळपासून पेटीशी झगडत होती. बाजूची पट्टी सरकली. तळाची सरकली. पुढे सगळं ठप्प. दोन टोकांना दोन खुंट्या होत्या. दाबल्या की जराशा आत जायच्या, सोडल्या की परत वर. झाकण हलायचं नाव घेत नव्हतं. शिवाय पेटी भलतीच मोठी. बाबांची कोडी तळहातावर मावायची, ही उशीएवढी होती.

शेवटच्या वर्षात बाबा विसरायला लागले होते. फेविकॉलचा डबा फ्रिजमध्ये, चहात मीठ, लेकीला आत्याच्या नावाने हाक. तिने ते सगळं पचवलं, कारण कारखान्यात पाऊल टाकलं की त्यांचे हात पूर्वीसारखे चालायचे. निदान तिला तसं वाटत होतं. आता या ढिल्या खुंट्या, हे चुकलेलं माप. म्हणजे हातही विसरले होते, आणि आपल्याला पत्ता नाही. नर्सबाई काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की निदान या खोलीत तरी बाबा शेवटपर्यंत बाबाच होते असं कुणीतरी सांगावं.

तिने भिंतीवरची करवत काढली. आत काय बिघडलंय ते एकदा बघायचं.

"चहा गार होतोय," म्हणत आई दारात आली. "आणि हे काय चाललंय?"

"चुकलीय ही पेटी, आई."

"ह्यांची? पेटी?" आईने आधी तिच्या हातातली करवत काढून घेतली. "चहात मीठ घातलं असेल, तो मी प्यायलेपण. पण ह्यांची पेटी चुकलेली मी पाहिली नाही."

"मग उघडून दाखव."

"मी कुठली उघडतेय! मला कधी कुणी दिली होती हातात? कोडी सोडवायला लेक होती ना लाडकी." टोमणा जुना होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. "तू कर, मी बघते."

लेकीने दोन हातांनी दोन खुंट्या दाबल्या. "या बघ, जातात आत. आता झाकण ओढायला हात काढला, की परत वर."

"मग काढतेस कशाला हात?"

"ओढू कशाने? दातांनी?"

"अगं, मी आहे ना इथे धडधाकट! डब्याचं झाकण अडकलं की मी डबा धरायचे आणि हे ओढायचे. एकट्याच्या शक्तीने निघतं होय?" आईने बाह्या वर सारल्या. "धर घट्ट. सोडू नकोस."

झाकण अलगद सरकलं, जसं काही त्यांचीच वाट बघत होतं.

आत रंध्याने निघालेली लाकडाची एक गुंडाळी होती. बाबा प्रत्येक पेटीत ती ठेवायचे. ताज्या लाकडाचा वास दोघींच्या मध्ये पसरला.

ही पेटी एकट्याने उघडायचीच नव्हती. म्हणून एवढी मोठी, दोघांनी दोन बाजूंना बसावं अशी. म्हणून खुंट्या टोकांना, एका हाताच्या पल्ल्याबाहेर. कुठेही काही चुकलं नव्हतं. लेकीने पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "खूप केलंत, बाबा," ती हळूच म्हणाली. राहून गेलेलं एवढंसंच होतं.

"रडून पॉलिश खराब करू नकोस," आई म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसायला तोंड फिरवलं.

संध्याकाळी नर्सबाई आल्या, मुलांना घेऊन. थोरलीने पेटी खेचली, धाकट्याने तिच्या हातातून हिसकली. "ताई, उघडायची कशी ते सांगा हो," बाई म्हणाल्या, "नाहीतर घरी पोचेपर्यंत हाणामारी होईल."

लेकीचे हात आपोआप पाठीमागे गेले. "ते तुमचं तुम्ही शोधायचं. हाणामारी झाली, तर इथून वाट नाही एवढं तर कळेल!"

ती मंडळी फाटकाबाहेर गेली, तरी त्यांची भांडणं ऐकू येत होती. लेक खोलीत परतली, तेव्हा आई फळीसमोर उभी होती. तिने एक छोटी पेटी उचलली, उलटसुलट केली, कानाशी नेऊन हलवून पाहिली.

"ही कितपत अवघड आहे गं?"

लेकीने पुढे केलेला हात मागे घेतला. बाबांचं स्टूल ओढून ती आईशेजारी बसली.

"बघ की," ती म्हणाली. "आपल्याला कुठे घाई आहे?"