अर्धं लाल, अर्धं पांढरं

मित्रांनो, मी प्रसूतीच्या वॉर्डातला एक जुना, चाकांचा पाळणा आहे. मी नवा होतो तेव्हा सगळे म्हणायचे, "काय देखणा आहे!" आता माझ्या रंगाचे पोपडे निघालेत आणि एक चाक कुरकुरतं. कितीतरी बाळं माझ्या कुशीत निजली. पण एका बाळाने माझा असा गोंधळ उडवला, की तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

दुपारची वेळ होती. बाळ कुशीवर निजलं होतं. दुपटं सारखं करायला आई वाकली आणि किंचाळलीच! कपाळापासून पायांपर्यंत जणू कुणी मधोमध रेघ ओढली होती. अंगाची खालची बाजू लालबुंद, वरची पांढरीफटक! माझाच रंग लागला की काय? पण माझा रंग तर पांढरा. मग लाल आला कुठून?

सासूबाई धावत आल्या. तोवर बाळ पुन्हा गुलाबी झालं होतं.

"अगं, कुठे काय? झोप नाही तुला, म्हणून काहीबाही दिसतंय."

नर्सताईंनी बाळाला नीट तपासलं. सगळं ठीक होतं. आई डोळे चोळत पुन्हा बाळाकडे बघू लागली. मीही पाहिलं होतं. पण पाळण्याला तोंड कुठलं? शेवटी मलाही वाटू लागलं, भासच झाला असेल.

आईने मात्र बाळावरची नजर काढली नाही. सासूबाई म्हणाल्या, "दोन घास तरी खा."

"आधी तुम्ही बघा ना त्याच्याकडे!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या आणि नेमकं तेव्हाच बाळ पुन्हा दोन रंगांचं झालं.

"अगंबाई!" सासूबाईंच्या तोंडून निघालं.

डॉक्टरबाईंनी बाळाचे ओठ पाहिले, श्वास पाहिला, छाती ऐकली. मग त्यांनी बाळाला दुसऱ्या कुशीवर वळवलं. थोड्या वेळाने रंगांनीही बाजू बदलली! मी तर चक्रावूनच गेलो.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "नवजात बाळांत हे क्वचित दिसतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर बाळाच्या शरीराचा अजून पुरता ताबा नसतो, म्हणून रक्त उतरून खालची बाजू लाल होते. काही मिनिटांत जातं आणि काही आठवड्यांत बंदच होतं. औषध नको, लेप नको. पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. ओठ निळे दिसले किंवा बाळ दूध पिईना, तर मात्र लगेच बोलवा."

सासूबाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"तू नीज आता. मी बघते."

आई पडल्या पडल्या झोपली.

मित्रांनो, रक्ताची ती गंमत मला अजून धड उमगलेली नाही. पण घरात कुणी घाबरून "मला असं दिसलं" म्हणालं, तर आधी जवळ जा आणि बघा.