ओदिलियाच्या बुटांना नवे सोल

"ऊठ, कांदेलारिया! ऊठ!" तेलवाला बाबा डॉन फुल्हेन्सिओ गरजला आणि अख्खा चौक श्वास रोखून बघत राहिला. ही बाई म्हणे सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. बाबाने तिच्या गुडघ्यांना सापाचं तेल चोळलं. ती थरथरत उठली आणि बँडच्या तालावर आमच्या दान्सोन नाचाची चार पावलं नाचली! बायका रडायला लागल्या. माझी ओदिलियासुद्धा.

"बघितलंस, म्हाताऱ्या?"

कुठलं बघतोय! मी ओदिलियाचा चेहरा बघत होतो. मेक्सिकोतल्या वेराक्रूझच्या या चौकात आम्ही दोघं तीस वर्षं दर शनिवारी नाचलो. वर्षभरापासून तिचा गुडघा दुखत होता. आज तिच्या डोळ्यांत आशा दिसली आणि माझी अक्कल गहाण पडली.

बाबाची अट एकच. "चाळीस दिवस खुर्चीतून हलायचं नाही, ताई! पाऊल टाकलंत की तेल हाडातून सांडलं. मग मला बोल लावायचा नाही!"

वा रे पठ्ठ्या! गुण आला तर तेलाचा, नाही आला तर ताईचा दोष. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा बाटली मीच आणली. चौथ्या दिवशी ती कॉफी करायला उठू लागली, तर मीच ओरडलो, "बस गं! सांडेल ते!" दुखणं थांबलं होतं ना! न चालणारा गुडघा कशाला दुखेल?

मी याच चौकात बसून बूट दुरुस्त करतो. चाळिसाव्या दिवसासाठी तिच्या पांढऱ्या बुटांना नवे सोल लावले. त्या दिवशी ती टेबल धरून उठली आणि मटकन खाली बसली.

डॉक्टर इत्सेलनी तिच्या मांड्या दाबून पाहिल्या. "हासिंतोकाका, तेलात मिरची आणि कापूर आहे, म्हणून गरम लागतं. नाचामुळे पायांत बळ टिकलं होतं, ते बसून राहिल्याने गेलं. या वयात ते परत आणणं फार अवघड."

शनिवारी बाबा पुन्हा चौकात आला. या वेळी खुर्चीत म्हणे दहा वर्षं पांगळा असलेला एक माणूस. सगळे त्याचं तोंड बघत होते. मी माझ्या बुटक्या स्टुलावरून त्याचे बूट बघितले. अंगठ्याखाली, गिरकी घेतात तिथेच, सोल गोल झिजलेला. मी पेटीतून ओदिलियाचा नाचून झिजलेला जुना सोल काढला आणि त्याच्या बुटाला लावून धरला. झीज अगदी तशीच.

"दहा वर्षं बसलेल्या माणसाचा बूट झिजला कसा हो, डॉन फुल्हेन्सिओ?"

बाबा तोंड उघडेपर्यंत पांगळा पळाला! त्याच्यामागे बाबा. चौक पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. मेल्यांनो, मीच गाढव!

दान्सोनमध्ये मध्येच थांबा येतो. जोडपी नुसती उभी राहतात, बायका पंख्याने वारा घेतात. आता शनिवारी मी ओदिलियाला चाकाच्या खुर्चीतून नेतो. थांबा आला की ती माझा हात धरून उभी राहते. नाच सुरू झाला की बसते. तिच्या बुटांचे सोल अजून कोरे आहेत.

गुडघा दुखतोय? डॉक्टरला दाखवा, चमत्काराला नको. झेपेल तेवढं चाला, नाचा. आणि तुमचं माणूस कॉफी करायला उठलं, तर त्याला 'बस' म्हणू नका.

मी म्हटलं होतं.