तीन पाईप आणि भिकनराव

दोंदे सरांना समुद्राची भीती वाटे. आयुष्यात दोनदा ते समुद्राकाठी गेले आणि दोन्ही वेळा चपला हातात धरून, पाणी घोट्याला लागायच्या आत मागे फिरले. तरीही निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने घेतलं, की नाशिकमध्ये, पहिल्या मजल्यावर, आपल्या हॉलमध्ये समुद्राचा एक तुकडा असावा. काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ असावं, दोन नारिंगी मासे असावेत, आणि ते जगावेत.

यादव दोंदे कॉलेजात ग्रंथपाल होते. सारी नोकरी दुसऱ्यांनी वाचायची पुस्तकं जागेवर लावण्यात गेली. आता पुस्तकात वाचलेली एक तरी गोष्ट आपल्या हातांनी उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्याला ते जमेल असं मात्र त्यांना मुळीच वाटत नव्हतं. म्हणून त्यांनी आराखडे काढायला घेतले.

अशा टाकीचं पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं. वरच्या टाकीतून ते पाईपाने खाली कपाटातल्या लहान टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खाली उतरायला सरांनी तीन पाईप ठरवले. पहिला भरून वाहणारा. दुसरा थोडं थोडं पाणी नेणारा. आणि तिसरा कायम रिकामा. पहिले दोन तुंबले, तरच त्याने काम करायचं. वीज गेली की चढत्या पाईपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं, म्हणून त्या पाईपाला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक. भोकातून हवा शिरली की ओढ तुटते. शिवाय खालची टाकी अर्धी मोकळी ठेवायची. शिवाय फरशीवर पाणी आलंच तर वाजणारी घंटा.

पाईप जोडायला पंचवटीतून केरू प्लंबर आला होता. आराखडा उलटासुलटा करून बघत तो म्हणाला, "काका, टाकी करताय का धरण?"

"धरण फुटलं तर खालच्या गावाला आधी कळवतात," सर म्हणाले आणि आराखडा त्याच्या हातातून काढून घेतला. कारण खालचं गाव म्हणजे भिकनराव निकम.

चार बिऱ्हाडांची ती जुनी इमारत. सरांच्या बरोबर खाली भिकनराव राहत. मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी, आवाज बाजार समितीतला. काही वर्षांपूर्वी सरांच्या बाथरूमचं पाणी झिरपून भिकनरावांच्या छताला ओल आली होती, तीही मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात. इमारतीच्या मीटिंगमध्ये सरांनी सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी कसं प्रवास करतं ते समजावून सांगितलं. ते संपल्यावर भिकनराव एवढंच म्हणाले, "सर, तुमची पुस्तकं कोरडी अन् माझं घर ओलं." सगळे हसले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. जिन्यात भिकनराव दिसले की सर वाकून चपलेची लेस बांधत. चपलेला लेस नसते हे दोघांनाही माहीत होतं.

आणि आता एवढी वजनदार टाकी ठेवायची तर खालच्याची संमती लागणार होती. भिकनराव नाही म्हणाले, की समुद्र संपला.

"अहो, खाली जाऊन सांगून या," सरांच्या पत्नी सुलाबाई म्हणत. "एक जिना तर आहे."

"आधी आराखडा पक्का होऊ दे."

"दोन वर्षं झाली. तेवढ्यात लोक बंगला बांधतात."

"एक थेंबसुद्धा खाली जाणार नाही हे सिद्ध झालं, की मग जातो."

कागदावर पाण्याचा प्रत्येक थेंब कुठून कुठे जाणार हे ठरलं होतं. सर खाली कधी जाणार, तेवढं ठरत नव्हतं.

शेवटी चाचणीचा दिवस ठरला. आधी साधं पाणी भरून पाईप तपासायचे, नंतर मिठाचं. सरांनी शनिवार निवडला, कारण शनिवारी सकाळी भिकनराव देवळ्याला कांद्याच्या लिलावाला जात. पहाटेच उठून त्यांनी नळाला नळी लावली. टाकी भरत गेली. पंप सुरू झाला. पहिला पाईप भरून वाहू लागला, दुसरा हळूहळू, तिसरा कोरडा ठणठणीत. सरांनी मुद्दाम वीज घालवली. पाणी थोडं उतरलं आणि शहाण्यासारखं थांबलं. फरशीवर वर्तमानपत्रं पसरली होती, त्यांतल्या एका अक्षरालाही ओल आली नाही. सरांनी गुडघ्यांवर बसून बघितलं, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. इतकं सगळं बरोबर आलेलं पाहून त्यांना धास्तीच वाटली.

तेवढ्यात दार धडधडलं.

दारात भिकनराव उभे होते. बंडी, कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस. एक डोळा बंद.

"वहिनी, तुमच्याकडे पाणी येतंय का?"

सुलाबाई नळाकडे गेल्या. नळ खोकला आणि बंद पडला.

"आजपासून दर शनिवारी पाणीपुरवठा बंद. ग्रुपवर चार वेळा टाकलं, पाणी जपून वापरा," भिकनराव सांगत होते. "लिलाव बंद म्हणून म्या घरी राहिलो, म्हटलं निवांत अंघोळ करू. तर गच्चीवरची टाकी खडखडीत. कोणी येड्याने..." उघड्या डोळ्याला हॉलमधली टाकी दिसली. "ही काय भानगड शे?"

इमारतीचा ग्रुप सरांनी भिकनरावांच्या धाकाने मुका करून ठेवला होता. पाणी टाकीत आल्यावर काय काय करील याचा त्यांनी दोन वर्षं विचार केला होता. ते येतं कुठून, हा प्रश्न एकाही आराखड्यात नव्हता. खाली एक थेंब जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा पण होता, आणि तो पूर्ण झाला होता. भिकनरावांच्या नळाला एक थेंब नव्हता.

"मी," सर म्हणाले. "मीच भरलं."

"सगळं?"

"सगळं."

सुलाबाईंनी तोवर टाकीत बादली बुडवली होती. "भिकनभाऊ, आधी डोकं धुवा. भांडण नंतर. साबण डोळ्यात असताना नीट शिव्या देता येत नाहीत."

डोकं धुऊन झालं. मग भिकनराव म्हणाले, स्वयंपाकाचं पिंपही कोरडं आहे. बादल्या खाली नेण्याचं वय तिघांचंही नव्हतं. सरांच्या तोंडून निघून गेलं, "पंप आहे ना."

त्यांनी पंप उचलून वरच्या टाकीत सोडला, त्याला बागेची नळी जोडली, आणि नळीचं दुसरं टोक बाल्कनीतून खाली, भिकनरावांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. दोन वर्षं जे होऊ नये म्हणून जपलं, ते सर आता बटण दाबून करत होते. पाणी खाली गेलं. पिंप भरलं.

"बस! बंद करा!" खालून आवाज आला.

सुलाबाईंनी बटण बंद केलं.

"सर, बंद करा म्हटलं ना!"

"बंद आहे, भाऊ!"

"मग हे काय माझं नशीब वाहतंय का? ओट्यावरून खाली आलं!"

सुलाबाईंनी बटण दोनदा चालूबंद केलं, मग प्लगच उपटला. तरी पाणी जातच होतं. आणि दोंदे सर, जे साधा बल्ब बदलायला माणूस बोलावत, त्यांना एकदम सगळं कळलं. आपल्या आराखड्यातलं ते भोक! या नळीला भोक नाही. त्यांनी बाही वर न करताच हात टाकीत घातला आणि पंप पाण्याबाहेर उचलला. नळीत हवा शिरली, घशात गुळणी केल्यासारखा आवाज झाला आणि खाली शांतता पसरली. सर पंप छातीशी धरून उभे होते, सदरा निथळत होता. त्यांना हसू येत होतं आणि ते कुणी बघू नये असं वाटत होतं.

भिकनरावांची फरशी पुसून झाल्यावर, म्हणजे सरांनी पुसल्यावर, तिघे वर चहाला बसले. भिकनराव टाकीकडे बघत होते. फरशीवरची घंटा कशासाठी, तेही त्यांनी सुलाबाईंकडून काढून घेतलं होतं.

"चांगली वस्तू हाय, सर. गळत नाय, काही नाय. राहू द्या. दर शनिवारी कामाला येईल. बाकीच्यांना मी सांगतो."

संमती मिळाली होती, तीही न मागता. सरांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं ही त्यांना आयुष्यात सर्वांत चांगली जमलेली गोष्ट होती. सुलाबाई बशीवरून त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी चहाचा घोट घेतला, तो चुकीच्या नळीत गेला, ठसका आला, आणि ठसक्यातच ते बोलले, "भिकनराव, यात मीठ घालायचंय."

"किती?"

"सोळा किलो."

भिकनरावांनी कप खाली ठेवला. "लोणचं घालताय का?"

"प्रवाळ ठेवायचंय. समुद्रातलं."

"ते काय करतं?"

"काही नाही. एका जागी बसून राहतं. वाढतं, पण फार हळू."

भिकनरावांनी पुस्तकांच्या कपाटांकडे बघितलं, मग सरांकडे. "म्हणजे घरचंच कोणी म्हणा की."

सुलाबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

"म्हणजे शनिवारी आमच्या काही उपयोगाचं नाय."

"नाही."

"आणि गळणार?"

सरांच्या डोळ्यांपुढून तीन पाईप, भोक, अर्धी मोकळी टाकी सगळं गेलं. कधीच नाही, असं म्हणण्यासाठीच तर त्यांनी एवढं केलं होतं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

भिकनरावांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "त्या मीटिंगमध्ये तुम्ही एवढं एकच वाक्य बोलले असते, तर इतकी वर्षं जिन्यात वाकायला लागलं नसतं. ठेवा तुमचं लोणचं. पण ती घंटा हाय ना, पाणी गळल्यावर वाजणारी? ती माझ्या घरात बसवायची. पहिलं मला कळलं पाहिजे."

सरांनी नवा आराखडा काढला. घंटेची तार खिडकीतून खाली, भिकनरावांच्या हॉलपर्यंत. मीठ आलं, पाणी खारं झालं, पहिलं प्रवाळ दगडावर बसलं. घंटा काही वाजली नाही.

आणि रोज संध्याकाळी, सर टाकीसमोर पुस्तक उघडून निवांत बसले, की जिन्यात चपला वाजतात आणि भिकनराव दारात उभे राहतात.

"आजही वाजली नाय, सर. म्हटलं बिघडली की काय, वर जाऊन बघून यावं. वहिनी, चहा टाका."