सोळावा डबा

अजून तयारच न झालेल्या यंत्राने सोमवारी सकाळी साडेनऊला हेमांगी टिपणीसच्या दाराची बेल वाजवली. दारात एक गृहस्थ उभे होते, हातात स्टीलचा डबा. त्यांना पाठ नव्हती, कारण कंपनीने दिलेल्या यंत्राच्या वर्णनाच्या कागदांत पाठीचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे डबा देऊन झाल्यावर ते तोंड तिच्याकडेच ठेवून, उलट्या पावलांनी जिना उतरले.

हेमांगीला नवल वाटलं नाही, वैताग मात्र आला. खरं यंत्र पुढच्या वर्षी बनणार होतं. तोवर संगणकात त्याची नुसती नक्कल केली होती, आणि त्या नकलेशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात बसणारा एक छोटा प्रोग्रॅम, तिने शुक्रवारी पाचच्या आत लिहून द्यायचा होता. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा. यंत्र बेल वाजवणार, माहितीचा डबा देणार. ड्रायव्हरने माहिती ओतून घ्यायची आणि डबा रिकामा परत करायचा. असे सोळा डबे. जो रिकामा परत जाणार नाही, त्याने अडवलेली जागाही परत मिळणार नाही.

पहिल्या डब्यात अठ्ठावीस अंश तापमान होतं. तिने ते परातीत ओतलं, डबा ओट्यावर ठेवला आणि लिहायला बसली. मंदामावशीने डबा उचलला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि दारात नेऊन दिला.

घर चार फुटांनी आखडलं. बाल्कनी गेली.

"मावशी! डबा रिकामा द्यायचा असतो!"

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे त्यांचा."

"असेल त्यांच्यात. आपल्यात नाही देत रिकामा डबा."

आईमागे हेमांगीला हिनेच वाढवलेलं. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंती तर आता रोज जवळ येत होत्या. मंगळवारी पाच डबे आले, पाचही साखर घेऊन परत गेले आणि हॉल गेला. बुधवारी हेमांगीने ड्रायव्हरमध्ये एक ओळ वाढवली: परत करण्याआधी डबा धुऊन घ्यावा. मावशीने धुतलेले चारही डबे पदराने कोरडे केले, कारण ओल्या डब्यात साखर चिकटते. त्या दिवशी निजायची खोली गेली, कपाटासकट.

तिने ऑफिसात बालवडकर साहेबांना फोन लावला.

"सर, डब्यात साखर गेली तर यंत्र डबा भरलेलाच धरतंय. यंत्रात थोडा बदल करता येईल का?"

"हे बघा मॅडम, यंत्र अस्तित्वात नाही. जे नाहीच, त्याची चूक कशी असेल? चूक तुमच्या ड्रायव्हरची."

"चूक माझ्या मावशीची आहे."

"मावशी कागदांत आहेत?"

"नाहीत."

"मग त्याही नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून मावशीही आखडू लागली. गुरुवारी तिचा हात ओट्याला पोचेना, म्हणून ती पाटावर पाट ठेवून साखर घालत होती. पंधरा डबे झाले. एक जरी डबा रिकामा परत गेला असता, तरी घर उलगडायला लागलं असतं, आणि मावशीही.

"बास कर ना गं," ती रडवेली होऊन म्हणाली. "तूच संपशील अशाने!"

"ओरडू नकोस. दारात माणूस उभा आहे."

शुक्रवारी पावणेपाचला घर म्हणजे ओटा आणि उंबरा एवढंच उरलं होतं. सोळावा डबा आला.

"साखर संपली," पाटाखालून कुठूनतरी मावशीचा आवाज आला.

हेमांगीला रडावं की नाचावं कळेना. सुंठीवाचून खोकला गेला! गूळ नाही, शेंगदाणा नाही, मीठसुद्धा हॉलबरोबर गेलेल्या फडताळात. तिने तापमान ओतून घेतलं, डबा ओट्यावर ठेवून ड्रायव्हरची शेवटची ओळ लिहिली, झाकण लागलेला डबा उचलला आणि दारात दिला.

गृहस्थांनी तो हातावर तोलून पाहिला.

"भरलेला आहे," ते म्हणाले.

"रिकामा आहे. मी आत्ता ओतला, माझ्या हाताने."

"भरलेला आहे."

तिने तो परत घेऊन झाकण काढलं. तळाशी मावशी मांडी घालून बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, परगावी निघाल्यासारखी.

"मावशी, बाहेर ये."

"कुठे येऊ?"

हेमांगीने मागे पाहिलं. ओटाही गेला होता. उंबऱ्यावर तिची स्वतःची दोन पावलं कशीबशी मावत होती.

"रिकामा कसा पाठवायचा गं एखाद्याकडे?" मावशी म्हणाली. "लाव झाकण. आणि त्यांना सांग, डब्याची घाई नाही. सावकाश पाठवा."

गृहस्थांनी दोन्ही हात पुढे केले.