पेनड्राइव्हची आवराआवर

दिपालीला पसारा बघवत नसे. चाकणच्या एका कंपनीत ती स्टोअर सांभाळायची. एखादा बोल्ट चुकीच्या खणात दिसला, तरी तिला चैन पडायचं नाही. त्यामुळे परवीनचाचीने पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला, तेव्हा काम योग्य माणसाकडे आलं असंच दोघींना वाटलं.

परवीनचाची म्हणजे नवाबचाचांची बायको. संत तुकाराम नगरात चाचांचं मिक्सर-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. पण दिपालीच्या लहानपणी त्याच गाळ्यात त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर असायचं. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट तिथे घुसायची, आणि त्या घोळक्यात दोन वेण्या घातलेली एकटी मुलगी दिपालीच. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले, नि पार्लर बंद पडलं. एक मशीन तेवढं चाचांनी मोडीत घातलं नव्हतं. ते कोपऱ्यात चादर पांघरून उभं होतं.

"रविवारी ह्यांचा वाढदिवस," चाची म्हणाली. "त्या दिवशी ते मशीन चालू करून दाखवायचंय. दानिशने आत छोटा कॉम्प्युटर बसवलाय. जुने गेमही विकत घेऊन ह्यात भरून दिलेत. पण आत नुसता गोंधळ आहे, मला काही कळेना. तू जरा नीट लावून दे, बेटा."

दानिश हा चाचांचा आकुर्डीचा पुतण्या.

पिंपळे सौदागरला घरी पोचल्या पोचल्या दिपालीने लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. कुणीतरी घाईत स्वर गिळून टाकावेत तशी फाइलींची नावं. सगळ्या झिप करून ठेवलेल्या. त्यातल्या कित्येक दोनदा, तीनदा. तिने पदर खोचला. एकूण एक झिप उघडली, आतला माल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि त्यांना छान मराठी नावं दिली: 'विमानं', 'बेडूक रस्ता ओलांडतो', 'दोघा भावांची मारामारी'. सारख्या दिसणाऱ्या फाइली काढून टाकल्या. एका फाइलीत तर गेमच नव्हता. ती सर्वांत आधी उडवली.

"मूळची कॉपी ठेवलीयस ना?" नवरा निरंजन चहा घेऊन येत म्हणाला.

"आवरताना कचऱ्याची कॉपी ठेवतं का कुणी?"

दुसऱ्या दिवशी चाचा सामान आणायला गेल्याचं बघून दोघींनी पेनड्राइव्ह मशीनला लावला. 'विमानं' चालेना. 'बेडूक' चालेना. काहीही दाबलं की पडद्यावर एकच वाक्य: फाइल सापडली नाही.

"अगं, परवा दानिशने लावलं तेव्हा तर चालत होतं," चाची हळूच म्हणाली.

दिपालीने स्पीकर चालू करून दानिशला फोन लावला.

"ताई, तुम्ही झिप उघडल्यात का?"

"सगळ्या."

"नावं बदललीत?"

"मराठीत केली. आणि सारख्या दिसणाऱ्या काढून टाकल्या."

पलीकडे दानिश खो खो हसत सुटला. "अहो ताई, मशीनमधला गेम चालवणारा प्रोग्राम त्या वेड्यावाकड्या नावावरूनच गेम ओळखतो. झिप तर तशीच लागते, तो स्वतः आत वाचतो. आणि तुम्ही काढलेल्या त्या जुळ्या फाइलींमध्ये काही मूळ गेमच्या होत्या. बाकीच्या त्यांच्याकडून उसनं घेऊन चालतात."

"आणि जिच्यात गेमच नव्हता ती?"

"तिच्यावर तर मारामारीचे निम्मे गेम उभे होते! मला सांगा, तुमच्या स्टोअरमध्ये कुणी पार्ट नंबर पुसून 'गोल लोखंडी वस्तू' असं लिहिलं तर?"

"त्याला मी गेटाबाहेर काढीन," दिपाली म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळताच तिलाही हसू फुटलं. चाची तर हसता हसता मशीनला टेकली.

दानिशकडे मूळ कॉपी होती. कंपनीची बस मध्येच सोडून दिपाली आकुर्डीला गेली आणि ती घेऊन आली. या वेळी तिने आधी एक प्रत बाजूला ठेवली. फाइलींना बोटही लावलं नाही. मराठी नावं दिली ती फक्त पडद्यावर दिसणाऱ्या यादीत. एकेक गेम चालवून बघितला, न चालणारे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. तिचा लाडका विमानांचा गेम काही केल्या सुरू होईना. त्याची फाइल प्रोग्रामच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठी होती. ती जरा हिरमुसली, मग बेडकावर समाधान मानलं.

रविवारी केक कापून झाला आणि चाचीने चादर ओढली. पडदा उजळला, ओळखीचं संगीत गाळाभर घुमलं. चाचा बघतच राहिले.

"खेळा की चाचा!" दिपाली म्हणाली.

"मला कुठे येतं?"

सगळे हसले. पार्लरचा मालक आणि खेळता येत नाही?

"अरे खरंच!" चाचा कानाला हात लावत म्हणाले. "दिवसभर सुट्टे द्या, भांडणं सोडवा, तुटलेला दांडा बसवा. खेळायला वेळ कोणाला होता?"

तरी दिपालीने त्यांना बळेबळे पुढे केलं. चाचांचा बेडूक पहिल्याच ट्रकखाली गेला. दुसराही गेला. तिसरा तर उडी मारायच्या आधीच गेला. चाचा पोट धरून हसू लागले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात चाचीने ओढणी कमरेला बांधली. "सरका जरा."

तिचा बेडूक ट्रक चुकवत, ओंडक्यांवरून टुणटुण उड्या मारत पार गेला. मग आणखी एक, मग आणखी एक. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि चाचांचा जबडा खाली येत गेला.

"तू हे कधी शिकलीस?"

"शुक्रवारी तुम्ही नमाजला जायचात ना," चाची पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तेव्हा दुकानाची चावी कोणाकडे असायची?"

दिपालीने दुसऱ्या खेळाडूचं बटण दाबलं आणि चाचीचा डाव संपायची वाट बघत तिच्याशेजारी उभी राहिली. मागून चाचांनी विचारलं, "मग आता माझा नंबर कधी?"

"रांगेत या," चाची म्हणाली.