नोराच्या बसमधलं नाव

आमच्या घरात मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली आणि त्या फरशीवर टीव्ही आला. जिथं बसून आमच्या मालकांनी उभा जन्म लुगडी विणली, तिथंच आता चित्रं हलतात. जागा त्यांनीच ठरवली होती. सिनेमा म्हणजे त्यांचा जीव. विणलेलं लुगडं व्यापाऱ्याकडं पोचवलं की परस्पर टॉकीजला जायचे. हिंदी लागला नसेल तर इंग्रजी पाहायचे. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी घरी येऊन, मी सुताच्या कांड्या भरत असे तिथं समोर बसून, सगळा सिनेमा मला सांगायचे. कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर त्यानं काय उत्तर दिलं, सगळं. भाषा येत नाही तर कळतं कसं, असं मी विचारलं तर म्हणायचे, तोंडं दिसतात न.

काचबिंदूनं ती तोंडं दिसणं बंद केलं. उजेड आहे की अंधार, एवढं उरलं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्या दिवसापासून ते टीव्हीच्या फरशीकडं फिरकले नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायचे, वाढलं की जेवायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. आमचा मुलगा पंकज एकदा हाताला धरून त्यांना सिनेमापुढं घेऊन आला आणि शेजारी बसून सांगू लागला, आता ते भांडतात, आता गाणं आहे, आता पोलीस आले. थोडा वेळ ऐकून ते उठले. म्हणाले, हा सिनेमा नाही, ही शाळेची हजेरी आहे.

मी मनाशी ठरवलं की या माणसाला त्या फरशीवर परत आणून बसवायचं.

वाट दाखवली ती पंकजच्या मुलीनं. मयुरा लकडगंजला एका ठोक व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. तिनं मोबाइलवर एक विलायती सिनेमा पाहिला होता, प्रेमाचा आणि हसण्याचा. बोलणं इंग्रजी, पण खाली मराठी अक्षरं येतात. म्हणाली, आजी, तू वाच, आबाजी ऐकतील.

मी अक्षरं शिकले ती साठी उलटल्यावर, देवळाच्या सभामंडपातल्या साक्षरतेच्या वर्गात. पेपर वाचते, पण ओळीखाली बोट धरून. पेपर थांबतो. टीव्हीवरची अक्षरं थांबत नाहीत, बोट ठेवायच्या आत पुसली जातात. म्हणून मी आधी सिंहांच्या कार्यक्रमावर सराव केला. सिंह बोलत नाही हे बरं होतं. सांगणारा एकच आणि तोही सावकाश. रोज दुपारी मोठ्यानं वाचायची. पहिल्या दुपारी सिंहानं हरीण धरून खाऊन संपवलं तरी मी त्याच्या शेपटीवरच होते. पण हटले नाही. हळूहळू एकेक अक्षर जोडायचं सोडून अख्खा शब्द एकदम ओळखू येऊ लागला, जसा लुगड्याचा काठ दुरूनच ओळखू येतो.

मग मी मालकांपुढं गोष्ट काढली. नको म्हणाले. मी म्हटलं, आयुष्यभर तुम्ही इंग्रजी सिनेमाची चित्रं पाहिली, बोलणं राहूनच गेलं. आता बोलणं ऐका. भिंतीकडंच तोंड ठेवून त्यांनी अट घातली.

"जे लिहिलं थेच वाचजो. पदरचं जोडू नोको, आन काही सोडू नोको."

"तुमच्या पदरचे सिनेमे मी जिंदगीभर आयकले न जी," मी म्हटलं.

"थे मले शोभते."

रविवारी दुपारी मयुरानं सिनेमा लावून दिला. माझा आवाज त्यांना नीट यावा म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला, थांबवायचं बटण दाखवलं आणि मैत्रिणीकडं निघून गेली. घरात आम्ही दोघंच राहिलो. ते खुर्चीत ताठ बसले, परीक्षा घ्यायला बसल्यासारखे.

समुद्राकाठचं एक लहान गाव होतं. बारीक पाऊस पडत होता आणि कुणी त्याची पर्वा करत नव्हतं. गावातून एक बस फिरायची आणि ती एक बाई चालवायची. तिचं नाव नोरा. दोनच अक्षरं, मला ती लगेच आवडली. बसमध्ये नेहमीची म्हातारी माणसं बसलेली. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला आणि खाली जोडाक्षरांची गाठोडी आली. मी अडखळत वाचलं, क्षमस्व. ज्याचा पाय चेंगरला होता त्यानंही म्हटलं, क्षमस्व. नोरानं ब्रेक दाबला, क्षमस्व. एका बाईनं खिडकी लावली, क्षमस्व.

"हा क्षमस्व कोन व्हय वं?" मालकांनी विचारलं. "सारे त्यालेच हाका मारून राहिले."

मी सांगितलं, माणूस नाही, माफी आहे. ते म्हणाले, इतकी माफी मागतात, म्हणजे या लोकांनी काहीतरी मोठं केलं असलं पाहिजे. आणि हसले. वर्षभरात त्या घशातून तो आवाज आला नव्हता. मी मान वळवली नाही. वळवली असती तर पुढची ओळ गेली असती.

पुढच्या थांब्यावर एक तरुण बसमध्ये चढला. सावळा, उंच, भिजलेला. गावात नवीन आलेला जनावरांचा डॉक्टर. आईबाप इथले, आपल्याकडचे, तो तिकडंच वाढलेला. नोरानं नाव विचारलं आणि त्यानं सांगितलं. खाली अक्षरं आली, मी केशव.

मी त्या नावाशी अडले.

केशव हे आमच्या मालकांचं नाव. लग्न झाल्यापासून मी ते सरळ कधी उच्चारलं नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही राव लावून. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी कार्ड पुढं करते, दवाखान्यात विचारलं तर पंकजकडं पाहते. आणि इथं राव नाही, जी नाही, नुसतं नाव, आणि वाचायचं कुणापुढं, तर त्यांच्याच पुढं. उखाण्यात घ्यावं म्हटलं तर तोवर बस दुसऱ्या थांब्यावर पोचली असती.

मी वाचलं, मी डॉक्टर.

सिनेमा पुढं सरकला. नोराला ते नाव नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं त्याला केव्ह म्हणायला सुरुवात केली. केव्ह म्हणजे केशव नव्हे, तेव्हा मला ते वाचायला काही वाटलं नाही. केव्ह, आज उशीर केलास. केव्ह, माझ्या मावशीच्या मांजराला बघ. तो भला माणूस, एकदाही म्हणाला नाही की बाई, माझं नाव असं नाही. माफी मागायची आणि चहा प्यायचा, एवढंच त्याला येत होतं. रोज तिच्याच बसनं जायचा, उतरायचं नसेल तिथं उतरायचा, आणि पावसात परत चालत यायचा. मालक मांडीवर हात मारून म्हणाले, बुजदिल आहे. पण खुर्चीत ते पुढं सरकून बसले होते. मी वाचताना ओळ आमच्या बोलीत आणत होते आणि अक्षरं नसतील तिथं काय दिसतं ते सांगत होते. मला तुझी वाट बघायला आवडतं, असं लिहिलेलं मी, मले तुही वाट पाहाले आवडते, असं वाचलं, तर त्यावर त्यांनी तक्रार केली नाही.

मधूनमधून त्या डॉक्टरच्या आईचा फोन यायचा. केशव, जेवलास का? मी वाचलं, बाळा, जेवलास का? दवाखान्यातली बाई म्हणायची, केशव, कुत्रा आलाय. मी वाचलं, साहेब, कुत्रा आलाय. सफाईनं चाललं होतं. मालकांच्या मिश्या एकदोनदा हलल्या, ते मला दिसलं. कुत्र्यामुळं असेल असं वाटलं.

मग ते वळण आलं. डॉक्टर बसमध्ये असताना आईचा फोन आला आणि तिची हाक नोरानं ऐकली. नोरानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वर्षभर तू माझ्या बसमध्ये बसतोस, मी तुला भलत्याच नावानं हाक मारते, आणि तू एकदाही सांगितलं नाहीस? तो म्हणाला, क्षमस्व. ती म्हणाली, साधं आपलं नाव जो सांगत नाही, तो मला आणखी काय सांगणार? आणि भर पावसात त्याला खाली उतरवलं.

मी एवढंच वाचलं, तू मला एकदाही सांगितलं नाहीस?

"काय नाही सांगतलं?" मालकांनी विचारलं.

मी म्हटलं, ते असंच काहीतरी.

"काहीतरी म्हणून कोनी पोराले पावसात उतरवते का?"

मी बटण दाबलं. पडद्यावर नोरा तोंड उघडं ठेवून थांबली. घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मालकांनी हात पुढं केला आणि माग चालवताना ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून फिरवायचे तसा हवेत फिरवला.

"तुहा एक धागा सुटून राहिला," ते म्हणाले. "पहिल्यापासून. तसाच सोडून विणत गेलं तर पुऱ्या लुगड्यात रेघ पडते. पडली. आता मले काही समजून नाही राहिलं."

"मले नाही घेता येत थे," मी म्हटलं.

"लिहिलं हाये का?"

"हाये."

"मंग वाच. नाही वाचत तर बंद कर. मी जातो अंदर."

त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, उठण्यासाठी. अंदर म्हणजे ती भिंत. एकदा गेले तर आता माझ्या बोलावण्यानं परत यायचे नाहीत, हे मला नक्की माहीत होतं. सिंहावर केलेला सगळा सराव आणि ते मघाचं हसणं त्या दोन हातांवर टेकलं होतं. मी बटण दाबलं. नोरा पुढं बोलू लागली.

डॉक्टरनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि सामान घेऊन तो स्टेशनवर गेला. नोराला हे कळलं तेव्हा ती बस चालवत होती. पुढचा थांबा सांगायला तिच्या तोंडाशी एक माइक असतो. तो चालू राहिलाय हे ती विसरली आणि त्याचं नाव नीट म्हणून पाहू लागली. सगळी बस ऐकत होती. खाली अक्षरं आली, केशाव.

"केशाव," मी वाचलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

"जोरानं," मालक म्हणाले.

मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, असं नाही, बाई. नोरानं पुन्हा केलं, केसव. मी वाचलं, केसव. तिची मावशी म्हणाली, जवळ आलीस. बस थांबे सोडून स्टेशनच्या रस्त्याला लागली. एकाही माणसानं तक्रार केली नाही. ज्यांचे थांबे गेले तेच तिला शिकवत होते. स्टेशन दिसलं, तो दिसला, गाडीही आली. नोरानं माइक हातात घेतला, बसचं दार उघडलं, आणि आता चूक करून चालणार नव्हतं, तिलाही आणि मलाही.

"केशव!" मी वाचलं. "केशव, थांब!"

ते इतकं मोठ्यानं निघालं की पडद्यावर तो डॉक्टर वळला ते माझ्याच हाकेनं, असं वाटलं.

तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन उघडलं. शेजारच्या कुसुमताई आत आल्या, हात पिठाचे, पदर कमरेला, चेहरा पांढराफटक. बायको नवऱ्याचं नाव घेऊन थांब म्हणून ओरडते ते कधी, हे आमच्या गल्लीत कुणालाही कळतं. त्यांनी आधी खुर्चीकडं पाहिलं.

"चंद्रकलाबाई, काय झालं वं भाऊले?"

"काही नाही," मालक म्हणाले. "जित्ता हाये मी. बसा. प्रेमाचं चालू हाये."

कुसुमताईंनी माझ्याकडं पाहिलं. मला त्यांच्याकडं बघायला वेळ नव्हता. नोरा बोलत होती आणि मी वाचत होते. केशव, तू मला नाव सांगितलं नाहीस, मी पण तुला काही सांगितलं नाही. केशव, माझ्या बसमध्ये बस. मग डॉक्टरनं तोंड उघडलं. तो क्षमस्व म्हणणार असंच सगळ्यांना वाटलं, बसलाही वाटलं. तो म्हणाला, पुन्हा एकदा म्हण. ती म्हणाली, केशव.

"केशव," मी वाचलं.

"काय वं?" खुर्चीतून उत्तर आलं.

कुसुमताई दारातच खाली बसल्या आणि पिठाचा हात तोंडावर ठेवून हसू लागल्या. पडद्यावर बस पावसात निघाली, सगळे म्हातारे टाळ्या वाजवत होते, आणि मग इंग्रजी नावं वर सरकू लागली. मी सांगितलं, संपला.

"मले पहिल्या बारीलेच आयकू आलं होतं," मालक म्हणाले. "डोळे गेले माहे, कान नाही. आवाज किती का बारीक करा. पाहून राहिलो होतो, तू किती डाव चुकवतं थे."

मी म्हटलं, मग मघाशी समजून नाही राहिलं असं का म्हणालात? त्यावर त्यांच्या मिश्याच तेवढ्या हलल्या. मी चहा टाकायला उठले तर त्यांनी हात आडवा केला.

"चहा मंग. पहिल्यापासून लाव. सुटलेले धागे साऱ्या जागी भरून दे."

कुसुमताई म्हणाल्या, त्यांचं पीठ तसंच उघडं पडलंय, पण त्या उठल्या नाहीत, भिंतीला टेकून बसल्या. मी बटण दाबलं. समुद्र आला, बारीक पाऊस आला, म्हाताऱ्याचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. मी क्षमस्व न अडखळता वाचलं. बस थांबली, तो भिजलेला तरुण चढला आणि नोरानं नाव विचारलं.

मी ताठ बसले.

"मी केशव," मी वाचलं.